पुसून टाकलेला पाळणा

सर,

परवा दौंडला भीमेच्या घाटावर तुमचा दहावा झाला. मांडव भरला होता. महाराजांचं प्रवचन झालं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. शिरूरच्या शाळेतले तुमचे जुने सहकारी बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, ज्यांनी तुम्हाला कधी गाताना ऐकलंही नसेल असे दोन पुढारी बोलले. मेंढपाळाच्या घरात जन्मून शास्त्रीय संगीत शिकले, गावोगावची पोरं गाती केली, असं सगळं. तुम्ही लहान मुलांसाठी गाणी रेकॉर्ड केली होती, हे मात्र कुणाच्या तोंडून आलं नाही. बहुतेकांना ते ठाऊक नव्हतं. ज्यांना होतं ते गप्प बसले. मी बायकांत मागे बसले होते, मीही गप्पच.

पांगापांग होताना तुमची वैशाली माझ्याजवळ आली. रडून तिचा चेहरा सुजला होता. म्हणाली, "ताई, बाबांचा आवाज तुमच्या मोबाईलमध्ये कुठं राहिलाय का? थोडासा, कसलाही." मी नाही म्हटलं. खरंच नाहीये. तुम्ही समोर बसून एकेक गाणं पुसायला लावलं होतंत आणि मी पुसलं होतं. ती मुलाला कडेवर घेऊन गाडीकडे गेली.

मांडवात जे बोलण्यासारखं नव्हतं ते आता तुमच्याशीच बोलते.

शिरूरला मी तुमच्या हाताखाली शिकले. मला गळा नव्हता, तरी गाण्याचा तास कधी चुकवला नाही. पुढं लग्न होऊन खुटबावला आले, अंगणवाडी सेविका झाले, आणि तुम्ही रिटायर होऊन दौंडला राहायला आलात. एकदा स्टेशनवर शटलची वाट बघताना भेट झाली. माझ्या पिशवीत नवा स्पीकर होता. दुपारची खिचडी खाल्ली की पोरं गोंधळ घालतात, मोबाईलवर बालगीतं लावली की कशी चिडीचूप बसतात, हे मी कौतुकानं सांगत होते. तुम्ही म्हणालात, ऐकव. मी लावलं. त्याचा ठेका इतका जोरात होता की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. तुम्ही ते शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, ह्या गाण्यांनी पोरं शांत होत नाहीत, दमतात. मला राग आला. मग तुम्हीच का म्हणत नाही, असं मी तोंडावर म्हटलं.

आणि तुम्ही म्हटलंत. मला वाटलं नव्हतं.

तुमच्या घरी मागच्या खोलीत पंखा बंद करून, माझा मोबाईल उश्यांच्या मध्ये ठेवून तुम्ही गायचात. काकू तेवढ्या वेळापुरता कुकर थांबवायच्या. घर रुळांजवळ, त्यामुळे एक गाडी गेली की दुसरी यायच्या आत गाणं संपवायची घाई. आधी बडबडगीतं केलीत, करडाची, बोरीची, हरवलेल्या चपलेची. मग तुमच्या आईचा पाळणा. मेंढरांच्या तळावर ती तुम्हाला तो म्हणायची.

निजली मेंढरं, निजला माळ,
वारा बी बसला टेकून कपाळ.

पुढचं तुम्हाला आठवत नव्हतं, म्हणून बाकीची कडवी तुम्हीच जुळवलीत. आणि त्यानंतर तुमच्या मनातलं खरं काम सुरू केलंत. भूप, दुर्गा, यमन. पाच-पाच मिनिटं, तंबोऱ्यावर, शब्दाशिवाय, नुसता आकार. त्यावरून आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणत होते, शब्द नसतील तर पोरं ऐकणार नाहीत. तुम्ही म्हणत होतात, ऐकू नयेत, नुसती त्यात पडून राहावीत. एका पोरीनं तर तुम्हाला गंभीरपणे विचारलं होतं, "सर, ह्यात गाणं कवा येणार?" ते तुम्ही पुढं वर्षभर भेटेल त्याला सांगत होतात.

पण तुमचं बरोबर निघालं. सतरंजीवर पोरं आडवी व्हायची, भूप लागायचा, आणि हळूहळू हातपाय हलायचे थांबायचे. त्या भूपात मध्येच मालगाडीचा भोंगा आला होता. तुम्हाला तो काढून टाकायचा होता, पण पोरांना तो गाण्यातलाच वाटायचा. बरोबर त्या जागी झोपाळू आवाजात दोघंचौघं "पोंऽऽ" करायची. मग तुम्ही तो राहू दिलात. एवढ्या शांत दुपारी मी माझ्या नोकरीत नंतर पाहिल्या नाहीत. त्या तुमच्यामुळं मिळाल्या होत्या, आणि हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही.

मनीषा त्या हंगामात आली. गावाच्या कडेला कॅनॉलजवळ ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, त्यांच्या कोप्या, उभ्या राहिल्या. ही त्यातली एक, स्वतःच पोरगी दिसायची, आणि कडेवर परी, आठ-नऊ महिन्यांची. दात येत असतील म्हणून म्हणा, पोट दुखत असेल म्हणून म्हणा, परी सारखी रडायची. वजन करायला आणली तेव्हा काट्यावर ठेवू देईना. तुम्ही त्या दिवशी तिथं होतात. तुम्ही तिला हात लावला नाहीत, जवळ घेतलं नाहीत. लांब खुर्चीत बसून पाळणा म्हणायला लागलात. आधी ती रडायची थांबली, मग तुमच्याकडं बघत राहिली, मग आईच्या खांद्यावर मान टाकली तिनं.

मनीषा दाराशी उभी राहून म्हणाली, "सर, ते मह्या मोबाईलमदी टाका की." तुम्ही इतके खूश झालात. गाणं तुम्ही स्वतः टाकून दिलंत, कसं लावायचं ते दाखवलंत, आवाज बारीक ठेव म्हणून बजावलंत. परतीच्या शटलला तुम्हाला सोडायला आले तेव्हा तुम्ही म्हणत होतात की आपली आई पण अशीच पोरं पाठीला घेऊन हिंडली, तिचा पाळणा तिच्यासारखीच्या हाती गेला. तुमचा तो चेहरा मला अजून दिसतो.

पुढं जे झालं ते आपल्या दोघांत सरळ शब्दांत कधी बोललं गेलं नाही. आज एकदा बोलते.

टोळी उसाच्या फडात होती. दुपारची वेळ, ऊन कडक. फडात सावली असते ती ट्रॉलीचीच. मनीषानं गोधडी अंथरून परीला ट्रॉलीच्या सावलीत निजवलं, उशाला मोबाईल ठेवला, पाळणा लावला आणि ती मोळ्या बांधायला गेली. एरवी परी थोड्या वेळात उठून रडायची आणि ही धावत यायची. त्या दिवशी ती उठली नाही. ट्रॉली थोडी मागं घ्यायची म्हणून ड्रायव्हरनं ट्रॅक्टर चालू केला. त्यानं मागं पाहिलं नव्हतं.

मला बोलावणं आलं तेव्हा मी पळत गेले. तिथं जे होतं ते मी लिहिणार नाही. मोबाईल बाजूला पडला होता आणि गाणं चालूच होतं, असं सगळं गाव सांगत होतं. ते खरं की खोटं मला माहीत नाही. मी पोचले तेव्हा कुणीतरी तो उचलला होता आणि सगळीकडं नुसती शांतता होती. मनीषा रडतही नव्हती.

तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात. आपण दोघं कोपीवर गेलो. ती आत बसून होती, तिनं वर पाहिलं नाही. तुम्ही बाहेर धुळीत बराच वेळ बसलात. टोळीतल्या एका बाईनं कुणाला तरी हळूच सांगितलं, गाण्यावाले सर ते हेच. ते तुम्हाला ऐकू गेलं, मी पाहिलं. पोलिसांत अपघात म्हणून नोंद झाली आणि दोन-तीन दिवसांत टोळी पुन्हा फडात उतरली. मनीषासुद्धा.

त्यानंतर तुम्ही अंगणवाडीत आलात आणि मोबाईल पुढं करायला सांगितलंत. पोरं बाहेर खेळत होती. मी म्हटलं, सर, यात गाण्याचा काय दोष. चिडलात किंवा दुखावलात की तुमची भाषा घरची व्हायची. तशी झाली.

"रडली असती तर कळलं असतं."

"ट्रॅक्टरच्या आवाजात ड्रायव्हरला काय ऐकू जाणार, सर?"

"ड्रायव्हरला न्हाई. आईला गेलं असतं."

मी मोबाईल उघडला. मी एकेक गाणं पुसत गेले. भूप आला तेव्हा वाटलं, हा तरी राहू द्या म्हणावं. तुमच्याकडं पाहिलं आणि पुसला.

घरी तुम्ही तंबोऱ्याच्या तारा उतरवल्यात. नंतर तो शिरूरच्या शाळेला देऊन टाकलात. काकूंनी मला फोन करून बोलावून घेतलं, म्हणाल्या, तू येऊन भांड त्यांच्याशी, तू भांडलीस की दोन घास जास्त जेवतात. म्हणून मी येत राहिले. दर भेटीत आपलं तेच. मी म्हणायचे, ट्रॉलीखाली लेकरू ठेवायची वेळ ज्यांनी आणली ते निवांत झोपतात आणि तुम्ही जागे राहता. तुम्ही म्हणायचात, त्यांचं त्यांच्याजवळ, माझं माझ्याजवळ. मी म्हणायचे, तुम्हाला कुणी दोष देत नाही. हे मी किती वेळा म्हटलं असेल. तुम्ही त्यावर कधी वाद घातला नाहीत, नुसते माझ्याकडं बघायचात, वर्गात चुकीचा सूर लावला की बघायचात तसे.

वैशालीला मुलगा झाला तेव्हा मला वाटलं, आता सुटेल हे. ती सणसवाडीला, नवरा कंपनीत शिफ्टला, सासर लांब. बाळ रात्रंदिवस कुरकुर करायचं. तिनं तुमच्याकडं पाळणा मागितला. रेकॉर्ड नको तर नको, येऊन म्हणा, म्हणाली. तुम्ही सणसवाडीला गेलात, नातवाला मांडीवर घेतलंत, आणि तोंड उघडलं नाहीत. तिला वाटलं, लोकांच्या पोरांना गाणारा बाप माझ्या पोराला गात नाही. तिला खरं कारण माहीत होतं, तरीही तसं वाटलं. माणसाला वाटतंच, सर. मग तिनं बाळाला मोबाईलवरची ती धडधडणारी गाणी लावायला सुरुवात केली. तुमच्यासमोर लावायची. तुम्ही उठून बाहेर जायचात.

पुढच्या हंगामात मनीषाची टोळी परत आली होती. ती कुणाकुणाला पत्ता विचारत दौंडला तुमच्या घरी पोचली. तुम्ही खिडकीतून तिला पाहिलंत आणि मागच्या खोलीत जाऊन बसलात. शिरूरला गेलेत म्हणून सांग, असं काकूंना सांगितलंत. काकूंनी तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला. बराच वेळ बसून ती गेली. मला कळलं तेव्हा मी तुमच्यावर चिडले. भेटला असता तर सुटला असता, म्हटलं. तुम्ही म्हणालात, "ती काय म्हणणार ते मला माहीत हाय." मी विचारलं, काय म्हणणार. तुम्ही सांगितलं नाहीत. त्यानंतर टोळी दुसऱ्या कारखान्याकडं जायला लागली आणि ती पुन्हा दिसली नाही.

शेवटचं भेटले तेव्हा तुम्हाला धाप लागत होती. काकूंनी पाठीमागं उश्या रचल्या होत्या. तुम्ही विचारलंत, पोरं दुपारची निजतात का. मी म्हटलं, निजतात. कशावर, विचारलंत. कशावरच नाही, आपोआप, म्हटलं. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "तेच बरं." मी तुमच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि निघाले. तुमच्या त्या शांत दुपारींबद्दल तेव्हा बोलायला हवं होतं. दारात उभी राहून मी गाडीची वेळ झाली एवढंच म्हटलं.

आता कालचं सांगते. त्याच्यासाठीच हे सगळं लिहिलं.

काल सकाळी अंगणवाडीच्या दारात मनीषा उभी. मी आधी ओळखलंच नाही, खूप वाळलीय. टोळी यंदा परत इकडं, पाटसच्या बाजूला आहे. फडात ऊस भरायची गाडी आली नव्हती म्हणून तिला मोकळीक मिळाली होती. बोट धरून अडीच वर्षांचा मुलगा. तो काही बोलत नव्हता, डोळे मात्र टक्क उघडे. तिनं पहिलाच प्रश्न केला, गाण्यावाले सर बरे हायेत का. मी सांगितलं, सर गेले, कालच दहावा झाला. ती उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाशी धरला, पण रडली नाही.

मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, त्या साली घरी गेली होतीस, काय सांगायचं होतं सरांना?

"भांडाया गेले होते," ती म्हणाली. "म्हणलं इचारावं त्यान्ला, असं कसं गाणं म्हणलं तुमी, की लेकरू उठलंच न्हाई."

सर, म्हणजे तुम्हाला खरंच माहीत होतं. आणि मी जे इतकी वर्षं सांगत होते ते खरं नव्हतं. ती दोष देत होती. वर्षभर मनात तुमच्याशी भांडत होती. काकूंचा चहा प्याल्यावर भांडायला जीव झाला नाही, म्हणून उठून गेली, असं ती म्हणाली.

मग तिनं पुढचं सांगितलं. हा मुलगा झाला, तोही रडका. नवरा म्हणाला, ते गाणं लाव; तिच्या मोबाईलमधलं कुणी पुसलंच नव्हतं. तिनं मोबाईल त्याच्या अंगावर फेकला. आठवडाभर बोलली नाही त्याच्याशी. एका संध्याकाळी पोरगं काही केल्या राहीना आणि नवरा पाण्याला गेला होता, तेव्हा तिनं एकटीनं कोपीत बसून ते लावलं.

"सरांचा आवाज आला आन् मला परीचं तोंड दिसलं," ती म्हणाली. "निजलेलं. मह्या खांद्यावर. तवर मला तिचं तोंडच आठवत नव्हतं, ताई. डोळे मिटले की त्या दिवशीचंच दिसायचं."

त्यानंतर ती रोज लावायची. मग मोबाईल पाण्यात पडून बिघडला आणि गाणं गेलं. मी तिला दोनदा विचारलं, कुणाला पाठवलं होतंस का, मेमरी कार्डात असेल का. नव्हतं. म्हणजे तुमचा आवाज आता कुठंच नाही, हे वैशालीला सांगावं लागेल. पाळणा मात्र मनीषाला अख्खा पाठ आहे. तुम्ही जुळवलेली कडवीसुद्धा. ती स्वतःच म्हणते आता. मी विचारलं, फडात पण म्हणतेस का? तिनं पोराला जवळ ओढलं.

"रानात न्हाई. रानात ह्याला निजूच देत न्हाई. डोळा लागला की चिमटा काढते."

म्हणून त्या पोराचे डोळे तसे होते. उजेड असला की झोपायचं नाही, एवढं त्याला शिकवलं गेलंय.

तेवढ्यात तिच्या नव्या मोबाईलवर टोळीच्या मुकादमाचा फोन आला, गाडी लागली म्हणून. तिला निघायचं होतं. मी म्हटलं, याला इथं ठेव, संध्याकाळी घेऊन जा, रोज ठेव. ती तयार होईना. मग तिनं खोलीत चारी बाजूंनी पाहिलं, भिंती पाहिल्या, दाराची कडी लावून पाहिली. सतरंजीवर बसली, पोराला मांडीवर घेतलं आणि हळू आवाजात तुमच्या आईचा पाळणा म्हणायला लागली. चाल थोडी बदललीय, सर. दुसरी ओळ ती तिच्याकडच्या हेलात खाली नेते. तुम्ही असता तर दुरुस्त केली असती का, मला सांगता येत नाही. पोरगं तिच्याकडं बघत होतं, झोपायचं की नाही हे त्याला कळत नव्हतं. तिनं त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. खूप वेळानं त्याचं अंग सैल झालं.

तिनं त्याला सतरंजीवर ठेवलं, पायाचा आवाज न करता दारापर्यंत गेली आणि परत वळून म्हणाली, "ताई, हलू नका हं इथनं."

मी नाही हलले. पोरांची खिचडी मदतनीस बाईंना वाढायला सांगितली, सुपरवायझरचा फोन वाजला तो उचलला नाही. संध्याकाळी मनीषा अंगाला पाचटाचा वास घेऊन परत आली तेव्हा तो नुकताच जागा होत होता, आणि मी त्याच्या उशाशी बसले होते.